बर्फातली खुंटी

"हा तो फोटो नाही," नंदाकाकू म्हणाल्या.

अल्बमच्या पानावर त्यांचं बोट फोटोच्या चारी कडांवरून फिरलं आणि थांबलं. "माझ्या फोटोची कड कातरलेली होती. जुने फोटो असायचे ना तसे, नागमोडी. ही कड सरळ आहे. कुणीतरी माझा फोटो काढून घेतला आणि त्या जागी दुसरा लावला."

जयंतरावांनी चष्मा सावरून पाहिलं. काळ्याभोर पानावर, त्रिकोणी कोपऱ्यांत, रंगीत फोटो होता. बर्फाचा बुटका माणूस, गाजराचं नाक, डोक्यावर लोकरीची लाल टोपी आणि टोपीला भला मोठा गोंडा. ते आता हे सगळं मोठ्यानं सांगणार, तेवढ्यात निवेदितानं मान हलवली. जयंतरावांनी तोंड मिटलं. तसंही त्यात चिवडा होता.

निवेदिता सबनीस ही वॉटफर्डमधली खाजगी तपासनीस. अकरा वर्षं विमा कंपनीत खोटे दावे पकडले, मग स्वतःचं काम सुरू केलं. तिला गाडी चालवता येत नाही. जयंत पोंक्षे हे निवृत्त फार्मासिस्ट, त्यांना चालवता येते. एवढ्या भांडवलावर ते स्वतःला तपासातले अर्धे भागीदार समजत आणि निवेदिताही त्यांचा हा समज मोडत नसे.

"काकू, हे सगळं पहिल्यापासून सांगा," निवेदिता म्हणाली.

नंदा धारप सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या. बोलताना त्या खिडकीकडे बघत.

"राग मानू नका हं भाऊजी," त्या जयंतरावांना म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय. सरळ बघितलं की नुसता धूर. तोंड फिरवलं की कडेकडेनं थोडं दिसतं. आता काचबिंदूनं कडाही खायला घेतल्यात. म्हणून घाई आहे."

मग त्यांनी सांगितलं. त्या एक्काहत्तर साली भारतातून इथे आल्या. बहात्तरच्या फेब्रुवारीत मुलगी झाली आणि पाच दिवसांनी गेली. काकू तापानं फणफणलेल्या. आपल्याकडे इतक्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. ते सगळं त्यांच्या नवऱ्यानं, मोहनरावांनी, आणि रुग्णालयातल्या माणसांनी परस्पर केलं.

"कुठे, ते ह्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नर्स म्हणाली, विसरून जा, दुसरं होईल. झालंही. अनिश झाला. पण विसरणं काही झालं नाही गं."

"मुलीचं नाव काय ठेवलं होतं?"

"नाव कसलं? बारसं बाराव्या दिवशी. पोर पाचव्या दिवशी गेली."

जयंतरावांनी चिवड्याची वाटी खाली ठेवली. 

"दफनभूमीच्या ऑफिसात दोनदा विचारलं. धारप नावाची नोंदच नाही म्हणाले. चार वर्षांपूर्वी हे गेले, तेव्हा शेवटच्या दिवशी म्हणाले, बर्फातला फोटो बघ, मागे लिहिलंय." काकूंनी भिंतीकडे वळून, डोळे मिटून हात जोडले. "तोवर मला वाचता येईनासं झालं होतं. आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा धीर होईना. आता इथल्या मराठी मंडळानं हे जुन्या फोटोंचं काम काढलं, त्यातली सुचेता दफनभूमीच्या नोंदीही उतरवून घेतेय, तेव्हा वाटलं, आता नाही तर कधीच नाही. म्हणून अल्बम दिला. गेल्या शनिवारी सुचेता वाचून दाखवणार होती. पण फोटो हाताला लागला आणि कळलं."

काकूंनी हात जोडले त्या दिशेला जयंतरावांनी पाहिलं. छोट्या फळीवर निरांजन होतं, उदबत्तीचं घर होतं. वर भिंतीवर एक खुंटी होती आणि तिच्याखाली वॉलपेपरचा एक चौकोन आजूबाजूपेक्षा उजळ होता. तसबीर काच बदलायला गेली असेल, असा त्यांनी अंदाज केला. काचा फुटतातच.

"आणखी घ्या," म्हणून काकूंनी चिवड्याचा स्टीलचा डबा पुढे सरकवला. झाकणावर टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं: 'चि. सौ. कां. कुसुम हिस, वसंतमामाकडून'. जयंतरावांना हसू आलं. भांडी मोठी भटकी जात. त्यांच्याही घरी 'सौ. देशपांडे' अशी कोरलेली एक पातेली तीस वर्षं नांदत होती आणि त्या देशपांडेबाई कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"वसंतमामा कुठले?" निवेदितानं विचारलं.

"सांगलीचे. फार जीव होता त्यांचा," काकू म्हणाल्या आणि त्यांना दाराशी पोचवायला उठल्या. बाहेर मार्चचा बोचरा वारा होता. "टोपी घाला भाऊजी. अनिश लहान असताना बर्फ पडला की मी त्याला लाल टोपी घालूनच सोडायचे. मीच विणलेली. म्हटलं, हरवला तर लांबून दिसावा."

गाडीत बसल्यावर जयंतराव म्हणाले, "बिचारी. पण बर्फाच्या फोटोची चोरी कोण करेल गं?"

"चोर रिकामी जागा सोडून जातो, काका. हा जागा भरून गेलाय. मला त्याचं नवल वाटतं."

*

मंडळानं भाड्यानं घेतलेल्या हॉलच्या मागच्या खोलीत सुचेता करमरकर खोक्यांच्या गराड्यात उभी होती. पुण्याहून पंधरा वर्षांपूर्वी आलेली, बँकेत नोकरी, आणि शनिवार-रविवारी मंडळाचा हा खटाटोप. ती रागानं लाल झाली होती.

"किल्ली दोघांकडे. मी आणि अपूर्व. अपूर्वनं यादी केली, नंबर लावले. गोंधळ झाला असेल तर त्याच्याकडूनच. त्याला जुने फोटो इन्स्टावर टाकायची हौस आहे, मी दोनदा झापलंय त्याला. आणि अनिश धारप येऊन गेला, बुधवारी प्रोग्रॅमच्या खुर्च्या लावायला आणि शुक्रवारी उचलायला. पण तो तर घरचाच."

"तू फोटोची मागची बाजू वाचली नव्हतीस?"

"काकूंनी शपथ घातली होती, त्यांच्यासमोरच वाचायचं. मी शब्द पाळला आणि आता बसलेय हात चोळत."

निवेदितानं दफनभूमीच्या नोंदी मागितल्या. सुचेतानं मुलांच्या विभागाचे, म्हणजे सी विभागाचे, कागद पुढे ठेवले. रुग्णालयाकडून आलेल्या तान्ह्या बाळांना त्या काळी एकेका थडग्यात तिघं-चौघं ठेवत. नोंद फक्त आडनावाची. बेबी टेलर, बेबी ह्यूज, बेबी कुसुम, बेबी मार्श. शेजारच्या रकान्यात थडग्यांचे क्रमांक होते. जयंतरावांनी ते वाचले नाहीत. आकड्यांशी त्यांनी निवृत्तीच्या दिवशीच फारकत घेतली होती.

"धारप कुठेच नाही," सुचेता म्हणाली. "सगळ्या भारतीय नोंदींचे वारस मिळाले, ही एक बेबी कुसुम सोडून. गुजराती, पंजाबी, सगळ्या मंडळांना विचारलं. कुसुम आडनावाचं कुणी नाही."

"वेगळं आणखी काही घडलं?"

"तसं फालतू आहे. दफनभूमीच्या ऑफिसातली बाई म्हणाली, तुमच्यापैकी कुणीतरी गुरुवारी फोन करून सी विभागातलं तीनशे अठ्ठ्याण्णव नंबरचं थडगं विचारत होतं. नाव सांगितलं नाही. पुरुषाचा आवाज. तिनं सांगितलं, ह्या विभागात तीनशे पन्नासच थडगी आहेत."

निवेदितानं डोळे बारीक केले. जयंतरावांनीही केले; का, ते त्यांना कळलं नव्हतं.

*

अपूर्व मूळचा नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला, व्हिसावर आलेला. स्वतःवर आळ आला म्हणून तो आधीच चिडला होता.

"मॅडम, सत्तावीस नंबरचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट होता. मी रविवारी स्वतः पाहिला. बर्फ, आणि बर्फात रोवलेली लाकडी खुंटी. बाकी माणूस नाही, काही नाही. मला वाटलं, काय बोअर फोटो आहे. हा गाजराच्या नाकाचा प्राणी मी आयुष्यात पाहिला नाही बाप्पा!"

"मागे काय लिहिलं होतं?"

"एक ओळ मराठीत, शाई फुटलेली. काकूंची अट होती म्हणून मी वाचली नाही, पण खाली मोठा आकडा होता तो दिसलाच. तीनशे चौदा. फोटो स्टुडिओचा नंबर असेल म्हणून यादीत टाकला." त्यानं लॅपटॉप वळवला. सत्तावीसच्या ओळीत ३१४ होतं.

"सुचेताला दाखवलंस?"

"दाखवलं. ती पण म्हणाली, स्टुडिओचा."

बाहेर पडल्यावर जयंतराव ठामपणे म्हणाले, "हाच. इन्स्टावर टाकायला नेला आणि हरवला. आता थापा मारतोय."

"इन्स्टावर टाकायला फोटोचा फोटो पुरतो, काका. मूळ फोटो न्यायची गरज फक्त त्याला, ज्याला तो दुसऱ्या कुणी पाहायला नको असतो."

*

अनिश धारप पन्नाशीचा, माध्यमिक शाळेत गणिताचा शिक्षक. शाळा सुटल्यावर कार पार्कमध्ये गाडीला टेकून तो उभा राहिला. डोळ्यांखाली काळं दिसत होतं. जन्म इथलाच, त्यामुळे तो लहानथोर सगळ्यांना 'तू' म्हणे आणि त्याचं कुणी वाईट मानत नसे.

"तू आईला सांग ना, ती फोटो सापडत नाही. लीव्ह इट. फिफ्टी इयर्स झाली. आता कशाला उकरायचं?"

"आईंना मुलीची जागा हवी आहे."

अनिशनं मान खाली घातली. "आय नो. पण कधी कधी न सापडलेलंच बरं असतं."

"तुम्ही तो फोटो पाहिला होता?"

"नाही. चेअर्स लावली, चेअर्स उचलली. दॅट्स ऑल."

"मराठी वाचता येतं?"

"संडे स्कूलमध्ये क ख ग शिकलो, विसरलो. आता फोन वाचते. कॅमेरा धरला की इंग्लिश येते."

"वडिलांची आठवण येत असेल."

त्यावर अनिशचा चेहरा असा काही झाला, की जयंतरावांना आपणच काहीतरी लागट बोललो असं वाटलं. "सगळे म्हणतात, मोहन धारप म्हणजे देवमाणूस," तो म्हणाला. "फाइन. म्हणू दे." आणि तो गाडीत बसून निघून गेला.

जयंतरावांचा मुलगाही असाच कधी बोलत नाही आणि कधी तुटून बोलतो. 

*

शनिवारी सकाळी नंदाकाकूंच्या दिवाणखान्यात सगळे जमले. सुचेता आणि अपूर्व सोफ्याच्या दोन टोकांना, मध्ये बसायची हिंमत जयंतरावांची. अनिश दाराशी उभा. काकू त्या उजळ चौकोनाखालच्या खुर्चीत बसल्या होत्या.

निवेदितानं हातातली चिठ्ठी अनिशला दिली. "मी घाईघाईत लिहिलंय. जरा आकडा वाचता का?"

"थ्री नाइन्टी-एट," अनिश म्हणाला.

सुचेता ताडकन उठली. निवेदितानं चिठ्ठी तिच्या हातात दिली.

"तीनशे चौदा," सुचेता पुटपुटली. आणि मग काय झालं ते तिला कळलं.

"मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि चार आठासारखा," निवेदिता शांतपणे म्हणाली. "आपल्यापैकी कुणी ३१४ वाचलं असतं, तर दफनभूमीला फोन करून तीनशे चौदा विचारलं असतं. तीनशे अठ्ठ्याण्णव विचारणारा माणूस मराठी आकडे इंग्रजी समजून वाचणारा. अक्षरं फोनकडून वाचून घेतली, पण आकडे येतात असं वाटलं, म्हणून स्वतः वाचले. गणिताच्या मास्तरांची चूक झाली, अनिश."

अनिशच्या हातातल्या किल्ल्या वाजल्या.

"बुधवारी खुर्च्या लावताना तुम्ही अल्बम चाळला आणि फोटो काढून घेतलात. पण वडिलांच्या अल्बममधली ती रिकामी जागा तुम्हाला बघवेना. शुक्रवारी येताना घरातला बर्फाचा दुसरा फोटो आणून लावलात. आईंना दिसत नाही, कळणार नाही असं वाटलं. त्यांची बोटं तुम्ही विसरलात. त्या फोटोतल्या बर्फाच्या माणसाच्या डोक्यावर लाल टोपी आहे. काकूंनी विणलेली, गोंड्याची."

"अनिशची टोपी?" काकूंचा आवाज फुटला. "तू? अरे, तूच?"

"आणि ह्या भिंतीवरची मोहनरावांची तसबीर," निवेदिता म्हणाली. "ती बाहेरच्या चोरानं नेली नाही."

जयंतरावांनी त्या खुंटीकडे पाहिलं. काच बदलायला गेलीय असं ज्यानं ठरवलं होतं, त्या आपल्या अकलेला त्यांनी मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या.

"हो, मी!" अनिश ओरडला. मग हळू झाला. "मी काय करणार होतो? त्या फोटोमागे लिहिलंय, कुसुम्स बेबी. कुसुमचं बाळ. बाबाच्या हँडरायटिंगमध्ये! तुला मुलगी झाली तेव्हाच दुसरी कुणी बाई होती त्याची. तिचंही बाळ गेलं, आणि त्याच्या ग्रेव्हचा फोटो त्यानं जपून ठेवला. तुझ्या बेबीचा नाही ठेवला. आणि तू रोज त्याला नमस्कार करते! मला नाही बघवला. मी दफनभूमीला फोन केला, खरं आहे का बघायला. ते म्हणाले, असा नंबरच नाही. म्हणजे त्यातपण खोटं."

 अपूर्वनं खिशात हात घातले आणि बाहेर काढले.

"सुचेता, सी विभागात तीनशे चौदा कुणाचं आहे?" निवेदितानं विचारलं.

सुचेतानं फाइल उघडली. तिनं कागद उलटले. "बेबी टेलर. बेबी ह्यूज. आणि... बेबी कुसुम."

"बघितलं?" अनिश म्हणाला.

"सगळ्या नोंदी आडनावाच्या," निवेदिता म्हणाली. "कुसुम हे आडनाव नाही. बाळाचंही नाव नाही, पाच दिवसांच्या बाळाला आपल्यात नाव नसतं. मग ते आईचं नाव. रुग्णालयातल्या कारकुनानं पासपोर्ट बघून आईचं नाव लिहिलं आणि आडनाव कुठलं, नाव कुठलं ह्यात त्याचा घोळ झाला."

ती स्वयंपाकघरात गेली, चिवड्याचा डबा घेऊन आली आणि तो तिनं अनिशच्या हातात दिला.

"ह्यावर फोन धरा."

त्यानं धरला. पडद्यावर उमटलेलं तो वाचत राहिला. मग त्यानं डबा छातीशी धरला आणि आईकडे पाहिलं.

"वसंतमामा हे काकूंचे मामा, सांगलीचे," निवेदिता म्हणाली. "त्यांचा जीव होता ती भाची. हा डबा कुणाच्या घरून चुकून आलेला नाही. मालकिणीच्याच घरी आहे."

"कुसुम मीच रे," नंदाकाकू म्हणाल्या.

त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं, म्हणजे अनिश त्यांना थोडा तरी दिसावा.

"माहेरचं नाव कुसुम. लग्नात सासूबाईंनी ताटातल्या तांदळात नंदा लिहिलं, मी नंदा झाले. तेव्हा असंच असायचं. पासपोर्ट आधीच काढलेला, त्यावर कुसुम. इथे आलो तेव्हा घरात दोघंच, हे मला कुसुमच म्हणायचे. पोर गेली त्या दिवशी मी ह्यांना सांगितलं, त्या नावानं मला पुन्हा हाक मारू नका. ती कुसुमही तिच्याबरोबर गेली. पन्नास वर्षांत त्यांनी एकदाही मारली नाही. तू ऐकणार कुठून?" त्या थांबल्या. "हाक मारू नका म्हटलं होतं मी. लिहू नका असं नव्हतं म्हटलं."

अनिश त्यांच्या पायाशी खाली बसला. जयंतरावांना हुंदका आवरेना. त्यांनी रुमाल शोधला, तो नेहमीप्रमाणे गाडीत होता.

"फोटो?" काकूंनी विचारलं.

"शाळेच्या बॅगमध्ये. फेकला नाही आई. फेकवली नाही."

"आणि तसबीर?"

"वर. माझ्या कपाटात. सॉरी. तू रोज रिकाम्या भिंतीला..."

"मला माहीत होतं," काकू म्हणाल्या. "दर मंगळवारी मी ती पुसते. गेल्या मंगळवारी हाताला नुसती खुंटी लागली. घरात तू आणि मी. म्हटलं, पोराच्या मनात काहीतरी आहे, सांगेल तेव्हा सांगेल. फोटोचं मात्र तुझ्यावर आलं नाही माझ्या मनात. आईचं मन असंच आंधळं असतं."

*

दुपारी ते सगळे दफनभूमीत गेले. मुलांचा सी विभाग मागच्या कुंपणाशी होता. दगड फारसे नव्हते. गवतात लहान लहान क्रमांक रोवलेले. ऑफिसातल्या बाईनं जागा दाखवली आणि ती मागे सरकून उभी राहिली.

"इथेच?" काकूंनी विचारलं.

"इथेच, आई."

"वाच."

अनिशनं वाकून गवत बाजूला केलं. तिथले आकडे इंग्रजीत होते, पण त्यानं ते मराठीत म्हटले. "तीन. एक. चार."

"तीनशे चौदा म्हणावं," काकू म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "टेलर आणि ह्यूजची पोरंही इथेच ना?"

"हो, काकू," सुचेता म्हणाली.

"म्हणजे ती एकटी नव्हती." काकूंनी गुडघ्यावर बसून ओल्या गवतावर तळहात टेकला. "मला वाटायचं, एकटी असेल."

 अनिशनं कातरलेल्या कडांचा फोटो त्यांच्या दुसऱ्या हातात ठेवला. वारा सुटला होता. मग काकूंनी त्या जागेवरून तोंड फिरवलं आणि त्या कुंपणाकडे बघत राहिल्या.

बघवत नसेल बिचारीला, असं जयंतरावांना वाटलं. त्यांनी पुढे होऊन हात द्यायला सुरुवात केली, तेवढ्यात निवेदितानं त्यांची बाही धरली, आणि मग त्यांना आठवलं.

काकू मुलीलाच बघत होत्या.